फॅसिलिटीज इंजिनिअरिंग शिकायचं कुठून? विहिरीच्या तोंडापासून किनाऱ्यावरच्या प्लांटपर्यंत

नवशिकी – सोमवार, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी. पदवी केमिकलची, आतापर्यंतचं काम रिफायनरीचं. आता नवी मुंबईतल्या डिझाइन ऑफिसात ऑफशोअर (समुद्रातल्या तेल-गॅस प्रकल्पांच्या) गटात आले आहे. पुढचा प्रकल्प असा: समुद्रतळावर गॅसच्या विहिरी, तिथून थेट किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन, किनाऱ्यावर प्लांट. मध्ये प्लॅटफॉर्म नाही. ट्रेनिंगला मंजुरी मिळेल, पण कोर्सेसची यादी पाहून काही कळत नाही. फ्लो अ‍ॅशुरन्स (लाइनमधला प्रवाह न अडकता चालू ठेवणं) वेगळा, सबसी (समुद्रतळावरची यंत्रणा) वेगळा, पाइपलाइन वेगळा, प्रोसेस सेफ्टी वेगळा. आधी काय घ्यावं? सॉफ्टवेअर कोणतं शिकावं? आणि स्वतः घरी बसून काय करता येईल?

उरणकर – सोमवार, रात्री १०:०५

कोर्स नंतर, आधी एक फील्ड घ्या. काल्पनिक चालेल, पण आकडे पक्के ठरवा आणि विहिरीपासून विक्रीच्या मीटरपर्यंत एकदा सगळं हाताने सोडवा. हे केल्यावर कोणता कोर्स हवा ते तुमचं तुम्हालाच कळेल, कारण हिशेब कुठे अडतो ते दिसलेलं असेल.

या धाग्यापुरतं हे फील्ड धरू, म्हणजे बाकीच्यांनाही त्यावरच बोलता येईल:

विहिरी ४, पाणी १५०० मीटर खोल, तळाचं तापमान ५ अंश. बंद विहिरीचा दाब ३५० बार. पाइपलाइन २० इंची, ६० किलोमीटर, डिझाइन प्रेशर २०० बार. गॅस दिवसाला ५० लाख घनमीटर, पाणी दिवसाला १०० टन, थोडं कंडेन्सेट (गॅसबरोबर येणारं हलकं द्रव तेल). किनाऱ्यावर ७० बारला आगमन.

आता पहिला प्रश्न, जो रिफायनरीतून आलेल्यांना सुचत नाही: कोणतं काम कुठे करायचं? मुंबई हायमध्ये (शोध १९७४, उत्पादन १९७६) पाणी जेमतेम ७५-८० मीटर, म्हणून प्लॅटफॉर्मवर तेल-गॅस वेगळे करून ट्रंकलाइनने उरणला आणता येतात. बसीनच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड आहे. तो गॅस तसाच हजिऱ्याला जातो आणि गोड करण्याचं (हायड्रोजन सल्फाइड काढण्याचं) काम किनाऱ्यावर होतं. त्याची किंमत म्हणजे मधली सगळी पाइपलाइन सावर सर्व्हिसची (हायड्रोजन सल्फाइड झेलणाऱ्या पोलादाची). तुमच्या फील्डमध्ये प्लॅटफॉर्मच नाही, म्हणजे पाणी, कंडेन्सेट, गॅस सगळं एकत्र ६० किलोमीटर चालणार. प्रकल्पातली पुढची प्रत्येक अडचण या एका निर्णयातून येते.

किनाऱ्यापासून उलट सुरुवात करा, ते तुम्हाला ओळखीचं आहे. सेपरेटरचा (गॅस आणि द्रव वेगळे करणाऱ्या भांड्याचा) व्यास काढा. ७० बार, २० अंश, रेणुभार १८ धरला तर गॅसची घनता साधारण ६२ किलो प्रति घनमीटर, कंडेन्सेटची ७००. साउडर्स-ब्राउनमध्ये (थेंब वर न उचलता गॅस किती वेगाने जाऊ शकतो याचं सूत्र) के हा गुणक ०.१ मीटर प्रति सेकंद घेतला की परवानगीचा वेग ०.३२ येतो. प्रत्यक्ष गॅस सुमारे ०.७१ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे २.२ चौरस मीटर क्षेत्रफळ, उभ्या सेपरेटरचा व्यास १.७ मीटर. पण थांबा. मिस्ट एलिमिनेटरचा (गॅसमधले थेंब अडवणाऱ्या जाळीचा) के दाबाबरोबर कमी धरायचा असतो. ७० बारला ०.०८ घ्या, व्यास १.९ वर जातो. नवे लोक पुस्तकातला वातावरणाच्या दाबाजवळचा के उचलतात आणि भांडं लहान पडतं. मग मिस्ट पॅडमधून थेंब पुढे जातात, ग्लायकॉल टॉवरमध्ये (जिथे गॅस सुकवतात) फेस होतो आणि दोष ग्लायकॉलला दिला जातो.

समुद्रतळ – सोमवार, रात्री ११:३०

उरणकरांचं फील्ड घेतो. इथे सगळ्यात आधी हायड्रेट.

हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकलेला गॅस, बर्फासारखा घट्ट, पण शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला तयार होणारा. शुद्ध मिथेनला ४ अंशांवर साधारण ४० बार पुरतात. तुमच्या लाइनमध्ये १०० बारच्या वर दाब आहे आणि गॅसमध्ये इथेन-प्रोपेनही असणार. १२० बारला हायड्रेटचं तापमान १९ अंश धरा. तळ ५ अंश. म्हणजे १४ अंशांची तफावत, वर ३ अंश राखीव. १७ अंश खाली ढकलायचे आहेत.

त्यासाठी पाण्यात हायड्रेट रोखणारं रसायन मिसळतात. किती, ते हॅमरश्मिटच्या सूत्राने हाताने काढा: तापमानातली घट = १२९७ × टक्के ÷ (रेणुभार × (१०० − टक्के)). एमईजी (मोनोइथिलीन ग्लायकॉल) हे असं रसायन, रेणुभार ६२. पाण्याच्या टप्प्यात ४० टक्के एमईजी असेल तर १३.९ अंश मिळतात, पुरत नाहीत. ४५ टक्क्यांना १७.१ मिळतात. बस्स, ४५.

आता पंप केवढा? किनाऱ्यावरून ८० टक्क्यांचं लीन (कमी पाण्याचं) एमईजी पाठवत असाल तर १०० टन पाण्यासाठी दिवसाला सुमारे १२९ टन लागतं. तेच लीन ९० टक्क्यांचं असेल तर १०० टन पुरतं. रिजनरेशन प्लांट (वापरलेल्या एमईजीतलं पाणी उडवणारा) नीट चालतो की नाही याचा थेट परिणाम ६० किलोमीटर दूर, दीड किलोमीटर खोल दिसतो. हे नातं कळलं की ऑनशोअर आणि सबसी हे दोन वेगळे विषय आहेत असं वाटणं बंद होतं.

काय बिघडतं: विहिरीत फॉर्मेशन वॉटर (खडकातलं मूळ पाणी) आलं आणि १०० टनांचं ३०० झालं. एमईजीही तिप्पट हवं. पंप वाढवता येईल, पण एमईजीची नळी समुद्रात टाकून झालेली असते. शिवाय त्या पाण्यात मीठ असतं. ते रिबॉइलरच्या नळ्यांवर बसतं, मग क्षार काढायचं वेगळं युनिट लागतं आणि त्याला जागा, वीज, पैसा. म्हणून पहिल्याच दिवशी रिझर्व्हॉयरवाल्यांना विचारायचा प्रश्न: पाणी कधी येईल, किती येईल, त्यात क्लोराइड किती?

नवशिकी – मंगळवार, सकाळी ७:५०

खूप आभार. रात्रीच वहीत सोडवून पाहिलं, ४५ टक्के जुळलं. एक शंका: मिथेनॉलचा रेणुभार ३२, म्हणजे ते कमी लागेल. मग सगळे एमईजी का वापरतात?

समुद्रतळ – मंगळवार, सकाळी ९:१५

सूत्राने ३० टक्के मिथेनॉलला १७.४ अंश येतात, बरोबर. म्हणजे १०० टन पाण्याला सुमारे ४३ टन शुद्ध मिथेनॉल. पण हा पाण्यातला हिशेब झाला. मिथेनॉल उडतं, बराचसा भाग गॅसमध्ये जातो, थोडा कंडेन्सेटमध्ये, आणि तो सगळा वरून घालावा लागतो. परत मिळवणंही कठीण. गॅस आणि कंडेन्सेट विकताना मिथेनॉलच्या मर्यादा असतात, त्या ओलांडल्या तर खरेदीदार तक्रार करतो. रोजच्या वाहत्या डोससाठी एमईजी आणि सुरुवात-बंद करण्याच्या वेळी, थोड्या वेळापुरतं मिथेनॉल, ही विभागणी म्हणून रूढ झाली.

बंद विहीर सुरू करताना विशेष काळजी. चोकच्या (प्रवाह आवळणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आधी ३५० बार, पुढे कमी दाब, आणि गॅस तळाच्या तापमानाला थंड झालेला. चोकमधून जाताना तो आणखी गार होतो. डोस चोकच्या आधी गेला पाहिजे आणि चोक उघडण्यापूर्वी चालू झाला पाहिजे. चोकनंतरच्या पाइपचं किमान डिझाइन तापमान याच क्षणावरून ठरतं, नेहमीच्या उत्पादनावरून नाही.

आणि हायड्रेटचा प्लग (बूच) बसलाच तर एका बाजूने दाब सोडायचा नाही. दुसऱ्या बाजूचा दाब तो प्लग सुटा करून पाइपमधून गोळीसारखा फेकतो. पुढचं वळण किंवा व्हॉल्व्ह फुटतो, माणसं मेलेली आहेत अशाने. दोन्ही बाजूंनी हळूहळू दाब उतरवा आणि वाट पहा, आठवडे लागले तरी. शिवाय १५०० मीटरवर लाइनमध्ये द्रवाचा स्तंभ उभा असेल तर किनाऱ्यावर दाब शून्य केला तरी तळाशी तो पुरेसा उतरत नाही. म्हणून दाब उतरवण्याची सोय खालच्या बाजूलाही आहे का, हे डिझाइनच्या वेळीच तपासायचं.

दर्यावर्दी – मंगळवार, दुपारी १:२०

पाइपलाइनवर लिहितो. आतल्या दाबाने जाडी काढणं सगळ्यांना येतं. २०० बार, ५०८ मिमी व्यास, एक्स६५ पोलाद (ताकद ४५० मेगापास्कल), गुणक ०.७२. उत्तर १५.७ मिमी. गंजासाठी ३ मिमी घातले, १८.७. बाजारातली पुढची जाडी १९.१. झालं म्हणून फाइल बंद करू नका.

बाहेर १५०० मीटर पाणी आहे, म्हणजे १५१ बार. टाकताना पाइप रिकामी असते. १९.१ मिमीची पाइप १ टक्का अंडाकृतीपणा धरून आणि यूओई पद्धतीच्या (पत्रा वाकवून, जोडून, फुगवून बनवलेल्या) पाइपसाठी ताकद ०.८५ ने कमी करून डीएनव्ही या संस्थेच्या एफ१०१ मानकाप्रमाणे सोडवली, तर कोसळण्याचा दाब १७८ बारच्या आसपास येतो. १७८ हे १५१ पेक्षा जास्त, पण सुरक्षेचे गुणक लावले की कमी पडतं. गंजाचे ३ मिमी खाऊन झाल्यावरही, दाब काढलेल्या लाइनने टिकावं असं हवं असेल तर २३.८ मिमीपर्यंत जावं लागतं. पाइप मिलची जाडीतली उणी तफावत यात अजून धरलेली नाही, ती वेगळी पहा. खोल पाण्यात बहुतेक वेळा बाहेरचा दाबच जाडी ठरवतो.

दुसरं: एकदा एका जागी पाइप चेपली की ती चेप लाइनभर पळत जाते, आणि पळायला लागणारा दाब कोसळायच्या दाबापेक्षा फार कमी असतो. या २३.८ मिमीच्या पाइपला तो साधारण ६४ बार येतो. बाहेर १५१. म्हणजे एक चूक आणि किलोमीटरच्या किलोमीटर पाइप सपाट. म्हणून ठरावीक अंतरावर जाड भिंतीचे बकल अरेस्टर बसवतात. दोन अरेस्टरमधलं अंतर हा निव्वळ खर्चाचा निर्णय आहे: तेवढी लांबी गमवायची तयारी आहे का आणि तेवढी सुटी पाइप गोदामात आहे का?

याउलट आपला पश्चिम किनारा. उथळ पाणी, २४ इंची, १२.७ मिमी जाडीची पाइप. पोलादाचं वजन मीटरला १८७ किलो, बाजूला सारलेलं पाणी ३०० किलो. रिकामी पाइप चक्क तरंगते! ५० मिमी जाडीचं, ३०४० घनतेचं काँक्रीट चढवलं की पाण्यातलं वजन मीटरला सुमारे ९६ किलो होतं आणि ती तळावर बसते. बसते म्हणजे स्थिर राहते असं नाही. पावसाळ्यातली लाट आणि प्रवाह धरून आडव्या स्थिरतेची तपासणी डीएनव्ही-आरपी-एफ१०९ ने वेगळी करायची. अरबी समुद्रात पाइप टाकायचं काम पावसाळ्यानंतर ते मे यादरम्यानच होतं, त्यामुळे काँक्रीट कोटिंगच्या यार्डात आठवडाभर उशीर झाला की त्याचं पूर्ण वर्ष होऊ शकतं. प्लॅनिंगवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

खाडीपलीकडे – मंगळवार, संध्याकाळी ६:१०

वरचं सगळं मान्य, पण एक विरोधी मत. आजच्या ऑफिसात हाताने सोडवत बसायला वेळ कुणी देत नाही. हायसिस (प्रोसेस), ओल्गा (पाइपलाइनमधला प्रवाह), फ्लेअरनेट (फ्लेअरच्या लाइनी) या सॉफ्टवेअरपैकी एक तरी येत नसेल तर टीममध्ये जागाच मिळत नाही. नवशिकी यांनी आधी ओल्गा शिकावं, सिद्धांत मागून येतो.

उरणकर – मंगळवार, रात्री ९:३०

खाडीपलीकडे, नोकरीच्या दृष्टीने तुमचं म्हणणं खरं आहे. पण क्रम उलटा करू नका. ओल्गाला तुम्ही पाइपलाइनची उंच-सखल रेषा देता. सर्वेक्षणाचे हजारो बिंदू असतात, मॉडेलसाठी ते कमी करावे लागतात. कमी करताना छोटे खळगे सपाट झाले तर द्रव साठायची जागाच मॉडेलमधून गायब होते. मॉडेल छान चालतं, उत्तर चुकीचं येतं. लाइनीत द्रव किती राहायला हवा याचा हाताने काढलेला अंदाज ज्याच्याकडे आहे, तोच हे पकडतो.

माझा सल्ला: प्रत्येक सॉफ्टवेअर रनच्या आधी अपेक्षित उत्तर पेन्सिलने लिहून ठेवा. दीडपटीपेक्षा जास्त फरक पडला तर कारण सापडेपर्यंत रिपोर्ट पुढे पाठवायचा नाही.

झडप – मंगळवार, रात्री ११:००

इन्स्ट्रुमेंट आणि सेफ्टीची बाजू. इथे प्रोसेसवाले सर्वात घाई करतात.

एपीआय १४सी हे सुरक्षा-यंत्रणांचं मानक नीट वाचा. ऑफशोअर प्लॅटफॉर्मसाठी लिहिलेलं आहे, पण विचाराची शिस्त कुठेही चालते. प्रत्येक उपकरणाला विचारायचं: दाब जास्त झाला तर, गळती झाली तर, द्रव वर भरला तर, द्रव संपून गॅस खाली निसटला तर, दाब फार कमी झाला तर, तापमान वाढलं तर? प्रत्येकाला दोन स्वतंत्र संरक्षणं. पहिलं बहुधा ट्रान्समीटर आणि शटडाऊन व्हॉल्व्ह, दुसरं रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब आपोआप सोडणारा).

यातलं ‘गॅस खाली निसटणं’ मी सर्वात वर ठेवतो. ७० बारच्या सेपरेटरमधून लेव्हल कंट्रोल व्हॉल्व्हने कंडेन्सेट १० बारच्या फ्लॅश ड्रममध्ये जातं. व्हॉल्व्ह उघडा अडकला, लेव्हल गेली, आणि ७० बारचा गॅस थेट १० बारच्या भांड्यात. त्या ड्रमचा रिलीफ व्हॉल्व्ह नुसता आगीच्या केससाठी काढला असेल तर भांडं फुटेल. कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे असं धरून, त्याच्या सीव्हीवरून (वहनक्षमतेच्या आकड्यावरून) गॅसचा प्रवाह काढा आणि त्यावर रिलीफ व्हॉल्व्ह निवडा. आणि खरी मेख पुढे आहे. पाच-सात वर्षांनी उत्पादन वाढतं, मेंटेनन्सवाले मोठं ट्रिम (व्हॉल्व्हच्या आतले भाग) बसवतात. बॉडी तीच, टॅग तोच, पी अँड आयडीवर (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावर) काहीच बदल नाही. सीव्ही मात्र वाढलेला असतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह जुना राहतो. म्हणून डेटाशीटवर ‘कमाल सीव्ही अमुक, यापेक्षा मोठं ट्रिम बसवण्यापूर्वी रिलीफचा हिशेब तपासा’ अशी ओळ लिहा, आणि पी अँड आयडीवर टीपही द्या.

आता ३५० आणि २००. विहीर ३५० ची, लाइन २०० ची. मध्ये हिप्स (दाब फार चढण्याआधीच प्रवाह तोडणारी यंत्रणा): तीन प्रेशर ट्रान्समीटर, तिघांपैकी दोघांनी सांगितलं की झपाट्याने बंद होणारे व्हॉल्व्ह मिटतात. बहुधा एसआयएल ३ ही विश्वासार्हतेची श्रेणी लागते. पण व्हॉल्व्ह बंद व्हायला काही सेकंद जातात आणि तेवढ्यात दाब पुढे सरकतो. म्हणून हिप्सनंतरचा काही लांबीचा पट्टा पूर्ण ३५० बारचा ठेवतात. त्याची लांबी सर्वात वाईट जागी अडथळा धरून काढायची, म्हणजे हिप्सच्या अगदी जवळ हायड्रेट प्लग बसला असं समजून. तिथे गॅसला जागाच कमी, दाब झपाट्याने चढतो. तसंच पार्शल स्ट्रोक टेस्टने (व्हॉल्व्ह थोडासाच मिटवून पाहण्याने) व्हॉल्व्ह हलतो एवढंच कळतं, सीट गळते की नाही ते कळत नाही. समुद्रतळावरची गळती-चाचणी कशी घ्यायची हे डिझाइनमध्येच ठरलेलं हवं, त्यासाठी लागणारे टॅपिंग आणि नळ्या नंतर बसवता येत नाहीत.

ब्लोडाऊन, म्हणजे आणीबाणीत प्लांटचा दाब झपाट्याने उतरवणं, हेही तितकंच महत्त्वाचं. एपीआय ५२१ मधला नेहमीचा निकष: १५ मिनिटांत डिझाइन प्रेशरच्या निम्म्यावर किंवा ७ बारच्या आसपास. दाब उतरताना गॅस गार होतो, मिथेनबहुल गॅसला दर बारमागे साधारण ०.४ ते ०.५ अंश. ऑरिफिसनंतरची लाइन सहज −२९ च्या खाली जाते, आणि साधं कार्बन स्टील तिथपर्यंतच चालतं. पुढे −४६ पर्यंत लो टेंपरेचर कार्बन स्टील, त्याखाली स्टेनलेस. प्लांट बंद पडून रात्रभर गार झाला आणि मग ब्लोडाऊन घेतला, ही केस तपासायची राहून जाते.

नवशिकी – बुधवार, सकाळी ८:२०

झडप, एक विचारू का? आमच्याकडे प्लॅटफॉर्म नाही, मग प्लॅटफॉर्मवरच्या राइजरचे (तळापासून वर येणाऱ्या उभ्या पाइपचे) अपघात आम्हाला लागू होतात का?

झडप – बुधवार, सकाळी १०:४०

धडा लागू होतो. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थवर समुद्र सुरक्षा हे जहाज प्लॅटफॉर्मजवळ आलेलं असताना राइजरला धडकलं, गॅस सुटला, आग लागली आणि प्लॅटफॉर्म जवळपास दोन तासांत गेला. २२ जणांचा जीव गेला. आपल्या माणसांचं हे प्रकरण प्रत्येक ट्रेनिंगमध्ये शिकवलं पाहिजे. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह काढून ब्लाइंड (झाकणाची तबकडी) लावलेला कंडेन्सेट पंप सुरू केला गेला. आग भडकल्यावर टार्टन आणि क्लेमोर या शेजारच्या प्लॅटफॉर्मच्या लाइनींनी तिला खाऊ घातलं.

दोन्हीकडे प्रश्न एकच: गळतीच्या जागेपासून जवळचा बंद होणारा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि त्याच्या मागे किती गॅस आहे? प्लॅटफॉर्मवर हे राइजरवरचा शटडाऊन व्हॉल्व्ह आणि गरज असेल तर तळावरचा आयसोलेशन व्हॉल्व्ह. तुमच्याकडे हीच जागा किनाऱ्यावरच्या लँडफॉलची (पाइपलाइन जमिनीवर येते तिथली). ६० किलोमीटर लाइनचं पोट सुमारे १०,००० घनमीटर आहे, सरासरी ९० बारला भरलेलं. लँडफॉल व्हॉल्व्ह प्लांटच्या कुंपणात किती आत आहे, त्याच्या समुद्राकडच्या बाजूला फ्लँज (बोल्टचा जोड) आहे का, जवळ वस्ती कुठे, हे लेआऊटच्या पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा. त्या व्हॉल्व्हच्या समुद्राकडे फ्लँज नको, वेल्डेड जोडच हवा.

समुद्रतळ – बुधवार, दुपारी २:००

ट्री (विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हचा संच) आणि कंट्रोलवर थोडक्यात. सबसी ट्रीवरचे व्हॉल्व्ह हायड्रॉलिक दाबाने उघडे राहतात आणि दाब गेला की स्प्रिंगने बंद होतात. १५०० मीटरवर ही स्प्रिंग कशाविरुद्ध काम करते ते काढून पहा. अंबिलिकलमधला (वरून खाली येणाऱ्या नळ्या-तारांच्या जुडग्यातला) द्रवाचा स्तंभ खाली स्वतःचा दाब घेऊनच पोचतो, त्यामुळे भरपाई नीट नसेल तर दाब सोडूनही व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. लांब अंबिलिकलमधून नुसत्या हायड्रॉलिक संदेशाला फार वेळ लागतो, म्हणून कंट्रोल मॉड्यूल खाली ट्रीवर, आणि वरून वीज व सिग्नल. हायड्रॉलिक तेलाची स्वच्छता (बहुधा एनएएस १६३८ वर्ग ६) हा कागदी आग्रह नाही. सोलेनॉइडच्या बारीक छिद्रात कण अडकला की मॉड्यूल वर काढायला जहाज बोलवावं लागतं.

आरओव्हीने (दुरून चालवलेल्या पाण्याखालच्या यंत्राने) व्हॉल्व्ह फिरवताना टॉर्कचा वर्ग पहा. वर्ग ४ म्हणजे २७११ न्यूटन-मीटर, वर्ग १ म्हणजे ६७. अवजाराचं सेटिंग वरच्या वर्गाचं राहिलं तर छोट्या व्हॉल्व्हचा स्टेम तुटतो. इंटरफेसच्या यादीत प्रत्येक व्हॉल्व्हपुढे वर्ग, फेऱ्यांची संख्या आणि तुटण्याचा टॉर्क लिहिलेला हवा.

आणि मटेरियल: सुपर डुप्लेक्स हे स्टेनलेस गंजाला चांगलं म्हणून सर्रास लावतात. पण कार्बन स्टीलच्या रक्षणासाठी लावलेल्या अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅनोडमुळे सगळी रचना उणे १०५० मिलिव्होल्टच्या आसपास जाते, पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो आणि ताण असलेल्या डुप्लेक्समध्ये तडे जातात. डीएनव्ही-आरपी-एफ११२ यासाठीच आहे. हबजवळच्या (जोडणीच्या तोंडाजवळच्या) वेल्डच्या कडा आणि जाडी बदलते त्या जागा आधी पहा. जिथे कोटिंग उडतं तिथेच तडा जातो.

दर्यावर्दी – बुधवार, संध्याकाळी ७:४५

ट्रेनिंग कुठे, हे राहिलं. ओएनजीसीच्या संस्था आपल्या जवळच आहेत: सुरक्षेसाठी गोव्यात बेतुलला इप्शेम, आणि ऑफशोअर रचनांसाठी पनवेलला आयईओटी. ऑफशोअर जायचं तर हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यावर बाहेर पडायचं प्रशिक्षण लागतंच, ते डिझाइनवाल्यांनीही घ्यावं. जहाजावर जाऊन एकदा व्हॉल्व्हपर्यंत हात पोचतो का पाहिलं की लेआऊटची नजर बदलते. पूर्ण पदवी हवी असेल तर आयआयटी मद्रासचा ओशन इंजिनिअरिंग विभाग आहे, पुण्यात एमआयटीमध्ये पेट्रोलियम आहे, आणि परदेशात अ‍ॅबर्डीनला सबसी इंजिनिअरिंगचं एमएससी. भारतीय कामासाठी ओआयएसडीची (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची) मानकं वाचलेली हवीत: लेआऊटला ११८, वर्क परमिटला १०५, पाइपलाइनला १४१.

खोल पाण्याचं भारतीय उदाहरण पूर्व किनाऱ्यावर, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात आहे. केजी-डी६ चा गॅस २००९ मध्ये सुरू झाला, काकीनाड्याजवळच्या गाडिमोगा इथे किनाऱ्यावर येतो. तुमच्या प्रकल्पाची रचना बरीचशी त्याच जातीची आहे, सार्वजनिक माहिती मिळेल तेवढी वाचा.

नवशिकी – बुधवार, रात्री ९:१०

शेवटचा प्रश्न. स्लग कॅचरचं (लाइनमधून एकदम येणारा द्रव झेलणाऱ्या भांड्याचं) आकारमान मला दिलं आहे. व्हेंडरने ५०० घनमीटर सांगितलंय. कसं तपासू?

उरणकर – बुधवार, रात्री १०:५०

धाग्यातलंच फील्ड घ्या. २३.८ मिमी जाडी, म्हणजे आतला व्यास ४६० मिमी, क्षेत्रफळ ०.१६६५ चौरस मीटर. ६० किलोमीटरचं पोट सुमारे १०,००० घनमीटर. स्थिर प्रवाहात द्रव ५ टक्के साठला असं धरा, म्हणजे ५०० घनमीटर. पिग (लाइन पुसत जाणारा बोळा) हा सगळा द्रव पुढे ढकलत आणतो असं समजा. द्रवाचा तुकडा ३००० मीटर लांब.

पिगचा वेग २ मीटर प्रति सेकंद असेल तर हा तुकडा २५ मिनिटांत येऊन पडतो. कंडेन्सेटची पुढची यंत्रणा तासाला २०० घनमीटर घेत असेल तर तेवढ्यात ८३ निघून जातात, उरतात ४१७. वेग १ वर आणला तर ५० मिनिटं, १६७ निघतात, ३३३ उरतात. वेग ३ झाला तर ४४४. वर नियंत्रणाची लेव्हल आणि राखीव जागा. म्हणजे ५०० हा आकडा वाजवी आहे, पण ५ टक्के साठा कुठून आला ते व्हेंडरला लेखी विचारा. गॅस कमी वाहतो तेव्हा लाइनमध्ये द्रव जास्त साठतो. ५० लाखांऐवजी २० लाखांवर काही दिवस चाललं तर साठा दुपटीच्याही वर जाऊ शकतो, आणि प्रवाह वाढवताना पिग न पाठवताही तो सगळा एकदम येतो. उपाय दोन: प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी वाढवायचा आणि प्रत्येक पायरीवर लेव्हल बसेपर्यंत थांबायचं, किंवा बायपास छिद्राचा पिग वापरायचा म्हणजे थोडा गॅस पिगमधून पुढे जाऊन द्रव फोडतो आणि पिगचा वेग उतरतो. पायऱ्यांचा तक्ता ऑपरेटिंग मॅन्युअलमध्ये आकड्यांसह द्या.

एमईजी विसरू नका. आलेल्या द्रवात पाणी-एमईजी दिवसाला २०० टनांच्या वर आहे, त्यामुळे रिच (पाणी मिसळून परत आलेल्या) एमईजीची टाकीही याच २५ मिनिटांच्या हिशेबाने तपासा. स्लग कॅचर मोठा आणि टाकी लहान, असं झालं तर पिगिंगच्या दिवशी प्लांट टाकीच्या हाय-हाय लेव्हलवर बंद पडेल.